वाटी, तक्ता आणि दहा शनिवार : पालकांसाठीच्या वर्तन विश्लेषण वर्गाचा अनुभव

लेखापरीक्षणाच्या नोकरीतून निवृत्त होऊन सहा वर्षे झाल्यावर पुन्हा रकाने आखण्याची वेळ माझ्यावर आली, ती नातवामुळे. साडेचार वर्षांचा आमचा नातू गेल्या पावसाळ्याच्या सुमारास जेवताना वाट्या फेकू लागला. मुलगा चाकणच्या कारखान्यात पाळीने जातो, सून घरूनच काम करते आणि तिच्या कानावरचा हेडफोन रात्री आठपर्यंत उतरत नाही. त्यामुळे वाट्या उचलणे, फरशी पुसणे आणि शेजाऱ्यांना तोंड देणे ही कामे बहुधा माझ्याकडे आणि नातवाच्या आजीकडे असत. सुनेने कर्वेनगर भागातील एका लहानशा केंद्राचा वर्तन विश्लेषणाचा, म्हणजे मुलाच्या कृतीच्या आधी आणि नंतर काय घडते ते तपासून ती कृती बदलण्याच्या शास्त्राचा, पालकवर्ग शोधून काढला. दहा शनिवार, सकाळी दहा ते बारा, एका घराचे साडेनऊ हजार रुपये आणि तेवढ्यात घरातील दोन माणसांना प्रवेश, अशी व्यवस्था होती. सून आणि मी, असे दोघांनी नाव घातले. केंद्राचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. पुढे काही तक्रारी येणार आहेत आणि केंद्र दोन-तीन माणसांच्या बळावर चाललेले आहे. शिवाय असे वर्ग आता ठिकठिकाणी निघत आहेत, त्यामुळे ते कसे जोखावेत हे कळले तर एका नावापेक्षा त्याचा उपयोग अधिक.

वर्ग एका इमारतीच्या तळमजल्यावरील सदनिकेत भरतो. आमच्या तुकडीत आठ घरे होती. त्यांपैकी तीन घरांतील मुलांना स्वमग्नतेचे (ऑटिझमचे) निदान झालेले होते, उरलेली आमच्यासारखी, म्हणजे मूल ऐकत नाही, चावते, झोपत नाही अशा तक्रारींची. वर्ग घेणाऱ्या बाई पस्तिशीच्या असाव्यात. मराठी स्वच्छ, आवाज बेताचा आणि घड्याळ सांभाळणाऱ्या. पहिल्याच तासाला त्यांनी प्रत्येकाला आपल्या मुलाचे त्रासदायक वर्तन एका ओळीत लिहायला सांगितले. मी लिहिले, ‘नातू जिद्दी आहे, जेवताना मुद्दाम त्रास देतो.’ बाईंनी ‘जिद्दी’ आणि ‘मुद्दाम’ या दोन शब्दांखाली रेघ ओढली आणि म्हणाल्या, ‘‘काका, हे तुमचं मत झालं. डोळ्यांना काय दिसलं ते लिहा.’’ दुसऱ्या खेपेला मी ‘जेवताना वस्तू फेकतो’ असे लिहिले. त्यावर कोणती वस्तू, कोणत्या हाताने, कुठे, असे तीन प्रश्न आले. तिसऱ्या खेपेला ‘समोरची वाटी उजव्या हाताने उचलून जमिनीवर टाकतो’ एवढे वाक्य पास झाले. मला राग यायला हवा होता, पण आला नाही. आमच्या खात्यात ‘गैरव्यवहार झाला आहे’ एवढाच शेरा कुणी मारला तर वरिष्ठ तो कागद परत पाठवीत आणि व्हाउचरचा क्रमांक मागत. इथे तेच चालले होते.

याच तासाला त्यांनी एक कसोटी सांगितली, ती ऐकून सुनेने माझ्याकडे आणि मी छताकडे पाहिले. मेलेला माणूस जे करू शकतो ते वर्तन नव्हे, अशी ती कसोटी असून ऑग्डेन लिंडस्ली या अमेरिकी वर्तनशास्त्रज्ञाने ती घालून दिली आहे. ‘शांत बसावे’, ‘ओरडू नये’, ‘हात लावू नये’ ही सगळी उद्दिष्टे मेलेला माणूस उत्तम पार पाडतो, म्हणून ती मुलाला शिकवण्याची उद्दिष्टे होऊ शकत नाहीत. मुलाने काय करू नये याऐवजी काय करावे, हे लिहिल्याशिवाय पुढे जाता येत नाही. घरी येऊन मी हे सांगितल्यावर नातवाच्या आजीने ‘‘भरल्या घरात काय बोलता अहो!’’ म्हणून देवापुढे हात जोडले. तरीही सांगतो, साडेनऊ हजारांपैकी दोन हजार या एका वाक्याचेच वसूल झाले.

पुढचे दोन आठवडे काहीही बदलायचे नव्हते, फक्त नोंदी करायच्या होत्या. तक्त्याला मुख्य तीन रकाने असतात. वर्तनापूर्वी लगेच काय घडले, मग वर्तन आणि त्यानंतर लगेच काय घडले. या तीन रकान्यांमागचा विचार अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बी. एफ. स्किनर यांचा; प्राण्यांच्या वर्तनावरील त्यांचे मूळ पुस्तक १९३८ सालचे. कृतीनंतर जे पदरी पडते त्यावरून ती कृती पुन्हा होण्याची शक्यता वाढते किंवा घटते, हे त्यांनी उंदीर आणि कबुतरांवर दाखवले आणि मराठी मानसशास्त्राच्या पाठ्यपुस्तकांत ते ‘साधक अभिसंधान’ या भारदस्त नावाने येते. बाईंनी हे नाव एकदाच फळ्यावर लिहिले आणि पुसून टाकले, याबद्दल त्यांचे आभार. एक मात्र खटकले. छापील तक्ता संपूर्ण इंग्रजीत होता आणि त्यात ‘नोंद करणारा’ असा रकानाच नव्हता, जणू प्रत्येक घरात एक आई आणि एक मूल एवढीच वस्ती असते. आमच्याकडे चार मोठी माणसे आहेत आणि नातू प्रत्येकाशी वेगळा वागतो. मी फुलस्केप कागदावर मराठीत नवा तक्ता आखला, त्यात ‘हजर माणसे’ आणि ‘नोंद कोणाची’ असे दोन रकाने वाढवले आणि तो फ्रिजच्या दारावर लावला.

त्या तक्त्यातील एक नोंद जशीच्या तशी देतो. ‘मंगळवार, रात्री ८.४०. हजर : चौघे. आधी : मुलगा व सून कार्यालयातील बढतीविषयी बोलत होते, साधारण चार मिनिटे. मी आमटी वाढून घेत होतो. नातवाने दोनदा आई म्हटले, उत्तर नाही. वर्तन : आमटीची वाटी जमिनीवर. नंतर : सून म्हणाली, अरे काय हे! मुलगा खुर्चीवरून उठला. आजी फडके आणायला गेली. मी म्हणालो, पुन्हा केलंस तर बघ. नातू आमच्याकडे पाहत होता, रडत नव्हता.’ लिहिताना मला यात काही विशेष दिसले नाही. ‘दोनदा आई म्हटले’ हे शब्दसुद्धा केवळ सवयीने, काही सुटू नये म्हणून टिपले होते.

दोन आठवड्यांत एकूण २३ नोंदी झाल्या. घरातल्या सर्वांची समजूत अशी की हा सगळा मोबाइलचा प्रताप आहे. नोंदी मात्र निराळेच सांगत होत्या. २३ पैकी ९ वेळा वाटी दुपारी पडली होती आणि १४ वेळा रात्री. दुपारी तो आणि आजी असे दोघेच जेवतात. त्या ९ पैकी ८ वेळा आधीच्या रकान्यात ‘आणखी दोन घास’ किंवा ‘एवढं संपव’ हे वाक्य होते आणि नंतरच्या रकान्यात आठही वेळा ‘ऊठ पानावरून!’ असे होते. रात्रीच्या १४ पैकी ११ वेळा मोठी माणसे आपापसांत बोलत होती किंवा सून फोनवर होती, आणि नंतरच्या रकान्यात न चुकता सगळी माणसे त्याच्याकडे वळली होती. म्हणजे हात तोच, वाटी तीच, आवाजही तोच. पण दुपारची वाटी सुटकेसाठी पडत होती आणि रात्रीची लक्ष वेधण्यासाठी. आम्ही दोन्ही वेळेला एकच उपाय करीत होतो, तो म्हणजे रागावणे आणि पानावरून उठवणे. दुपारी ही शिक्षा त्याच्यासाठी बक्षीस होती, कारण त्याला उठायचेच होते. रात्रीचे रागावणे हेही बक्षीसच होते, कारण चार माणसांनी एकदम पाहावे असा दिवसातला तो एकच क्षण होता.

वर्गाचा गाभा हाच आहे आणि बाईंनी तो फार चांगल्या रीतीने शिकवला. ब्रायन इवाटा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बाल्टिमोरच्या केनेडी संस्थेत स्वतःला इजा करून घेणाऱ्या नऊ मुलांवर केलेले काम १९८२ साली प्रसिद्ध झाले, त्याची हकिकत त्यांनी फळ्यावर चित्र काढून सांगितली. एकच मूल वेगवेगळ्या परिस्थितींत ठेवून पाहिले जाई : इजा केली की कुणीतरी काळजीने बोलणार, इजा केली की समोरचे काम बाजूला होणार, खोलीत एकटेच असणार आणि खेळणी व माणसे मुबलक असून कसलीही सक्ती नसणार. कोणत्या परिस्थितीत वर्तन वाढते यावरून त्याचे कारण उमगे आणि ते प्रत्येक मुलात सारखे नव्हते. लक्ष मिळवणे, नको असलेल्या गोष्टीतून सुटणे, हवी ती वस्तू मिळवणे आणि त्या कृतीतूनच शरीराला काही सुख किंवा आराम मिळणे, या चार कारणांची यादी आता या शाखेतील प्रत्येक जण पाठ म्हणतो. बाईंचे वेगळेपण असे की त्यांनी यादी सर्वांत शेवटी दिली. आधी आठही घरांच्या नोंदी मांडून ‘‘तुम्हीच सांगा, याला काय मिळतंय?’’ असे विचारले, आणि दीड तास आम्ही एकमेकांच्या मुलांचे हिशेब तपासत बसलो. मला तो शनिवार नोकरीच्या चांगल्या दिवसांसारखा गेला.

याच संदर्भात त्यांची आणखी एक गोष्ट नोंदवायला हवी. एका घरातील मुलगी दीड महिन्यापासून अचानक स्वतःचा हात चावू लागली होती. नोंदींत वेळेचा, माणसांचा, कामाचा कशाचाच धागा सापडेना. बाईंनी उपाय सुचवायचे साफ नाकारले आणि आधी कान, दात व पोट बालरोगतज्ज्ञांकडून तपासून घ्या, असे सांगितले. पुढच्या शनिवारी ते कुटुंब कानाची औषधे घेऊनच आले. ज्या मुलाला दुखते ते सांगता येत नाही, त्याच्या वर्तनाला लक्ष वेधण्याचा प्रकार म्हणणे क्रूरपणाचे आहे, हे त्या आवाज न चढवता पण दोनदा म्हणाल्या.

उपायांचा भाग चौथ्या शनिवारी सुरू झाला. तत्त्व असे की वर्तन बंद करायचे नसून त्याची जागा घेणारे दुसरे वर्तन शिकवायचे, ज्यातून मुलाला तेच मिळेल आणि ते अधिक लवकर मिळेल. एडवर्ड कार आणि मार्क ड्युरंड यांनी १९८५ साली चार मुलांना लक्ष किंवा मदत मागण्याचे साधे वाक्य शिकवून हेच दाखवले होते. दुपारसाठी आम्ही ‘पुरे’ हा शब्द निवडला. पानात निम्मेच वाढायचे, त्याने ‘पुरे’ म्हटले की एकही घास न वाढवता ‘बरं’ म्हणून उठू द्यायचे. आजीला हे जड गेले. मूल अर्धपोटी उठते ही गोष्ट महाराष्ट्रातल्या कोणत्या आजीला सहज पचेल? पहिले तीन दिवस ती माझ्याशी तुटक बोलली. पण चौथ्या दिवसापासून दुपारची वाटी जवळपास थांबली आणि आठवडाभरात त्याने स्वतःहून भात मागून घेतला. सुटकेची खात्री पटल्यावर त्याला पळायची घाई उरली नसावी, असे मला वाटते. रात्रीसाठी ‘माझं ऐका’ हे वाक्य ठरले. पहिली दहा मिनिटे बोलण्याचा मान त्याचा. नंतरही त्याने ‘माझं ऐका’ म्हटले की हातातला घास ठेवून त्याच्याकडे पाहायचे. वाटी पडली तर मात्र कुणी पाहायचे नाही, बोलायचे नाही, फडके आणायचे नाही.

रात्रीच्या याच भागात वर्गाचा सर्वांत मोठा दोष उघडा पडला. आजवर ज्या कृतीला फळ मिळत आले, ते अचानक मिळेनासे झाले की ती कृती पुष्कळदा आधी कमी होत नाही, उलट उसळते. लिफ्टचे बटण चालले नाही की आपण ते चार वेळा दाबतो, मग मुठीने हाणतो, तसलाच हा प्रकार. शास्त्राला ही गोष्ट पूर्णपणे माहीत आहे आणि वर्गाच्या फायलीतही ती आहे. पण तिचा धडा सहाव्या शनिवारी येतो आणि दुर्लक्षाचा गृहपाठ चौथ्या शनिवारी मिळतो. आमच्या घरी चौथ्या रात्री वाटीनंतर ताट गेले, ताटानंतर पाण्याने भरलेला तांब्या गेला आणि सुनेच्या हाताचा त्याने पहिल्यांदाच कडकडून चावा घेतला. पंचवीस मिनिटे किंकाळ्या चालल्या होत्या. खालच्या मजल्यावरची माणसे वर आली. शेवटी आजीने त्याला उचलून मांडीवर घेतले आणि गूळतुपाचा पोळीचा लाडू करून भरवला. सून मुकाट्याने आत गेली. त्या रात्री आम्ही त्याला नेमके हे शिकवले की वाटीने काम होत नसेल तर तांब्या फेकावा आणि चावावे. दुसऱ्या दिवशी फोन केला तेव्हा बाई शांतपणे म्हणाल्या, ‘‘काका, हे होणारच होतं.’’ होणारच होते तर आधी सांगायला हवे होते, असे मी त्यांना तिथल्या तिथे सुनावले आणि आजही माझे तेच म्हणणे आहे. चावणे, डोके आपटणे असल्या वर्तनाबाबत तर घरच्यांनी केवळ फायलीच्या भरवशावर दुर्लक्षाचा प्रयोग करूच नये; तिथे शेजारी बसून मार्ग दाखवणारा माणूस हवा. या वर्गात घरभेट नाही, ही त्यातली दुसरी उणीव.

बाईंनी नंतर चूक बऱ्यापैकी सावरली. दुर्लक्ष कृतीकडे करायचे, मुलाकडे नव्हे, हा फरक त्यांनी आमच्यातल्या दोघांना मूल आणि आई करून प्रत्यक्ष दाखवला. मला त्यांनी मूल केले होते. स्टीलची वाटी फेकायची आणि समोरच्याने पाहायचे नाही, हे मी साठी ओलांडल्यावर करून पाहिले. मग खरोखरच दुसरी वाटी फेकावीशी वाटते. घरी आम्ही पुन्हा सुरुवात केली. त्या आठवड्यात १६ नोंदी झाल्या, म्हणजे मूळ सरासरीपेक्षा जास्तच. त्यानंतरच्या आठवड्यात ७, मग ४, मग २. ‘‘आबा, माझं ऐका’’ हे वाक्य मात्र दिवसातून पन्नास वेळा ऐकावे लागे आणि आंघोळीच्या दारावरही टकटक होई. मागणीचे वाक्य हळूहळू विरळ करायचे, थोडे थांबायला शिकवायचे, हा पुढचा धडा आठव्या शनिवारी झाला आणि तो बरा होता.

मग गौरी-गणपती आले. गौरीजेवणाच्या दिवशी बारा पाहुण्यांच्या पंगतीत नातवाने कढीची वाटी भिरकावली. आम्ही ठरल्याप्रमाणे पानाकडे पाहत राहिलो. पाहुणे मात्र खो खो हसले आणि एकाने ‘‘वा रे पठ्ठ्या!’’ म्हणून त्याचा गालगुच्चा घेतला. त्या आठवड्यात नोंदी २ वरून ९ वर गेल्या. दर वेळी मिळणाऱ्या फळापेक्षा अधूनमधून मिळणारे फळ सवय अधिक चिवट करते, हे चार्ल्स फर्स्टर आणि स्किनर यांनी १९५७ साली कबुतरांच्या नोंदींवरून मोठ्या ग्रंथात मांडले. मटक्याचा आकडा रोज लागत असता तर लोक कंटाळले असते. तो कधीतरी लागतो म्हणून रोज लावला जातो, हे मुंबईकराला वेगळे समजावून सांगायला नको. भरल्या घरात, आल्यागेल्यांच्या राबत्यात, सगळ्यांनी एकसारखे वागणे कसे साधायचे, यावर फायलीत एक ओळही नाही. मी विचारले तेव्हा ‘‘पाहुण्यांना आधी कल्पना द्या’’ असे उत्तर मिळाले. हे उत्तर देणाऱ्या बाईंनी गौरीजेवण कधी घातले नसावे.

आता बक्षिसांविषयी. नातवाची आजी पंचवीस वर्षे बालवाडी चालवीत होती आणि ताराबाई मोडक व अनुताई वाघ यांच्या बोर्डी-कोसबाडच्या बालशिक्षणाच्या कामावर तिचा पिंड पोसलेला आहे. ताराबाईंनी महाराष्ट्रात रुजवलेल्या माँटेसोरी विचारात शिक्षा आणि बक्षीस या दोहोंनाही जागा नाही. त्यामुळे मी वर्गातून चांदण्यांच्या चिकटचित्रांचा तक्ता घेऊन आलो तेव्हा तिने तो उलटापालटा करून पाहिला आणि म्हणाली, ‘‘अहो, जेवायला बक्षीस लावलं की जेवण म्हणजे शिक्षाच झाली की त्याला.’’ मी हे वाक्य पुढच्या शनिवारी वर्गात मांडले. बाईंनी दिलेले उत्तर अर्धे पटले. ‘प्रबलन’ म्हणजे बक्षीस नव्हे. ज्यामुळे वर्तन पुढे वाढते ते सगळे प्रबलन, मग ते लाडू असो, नजर असो की सुटका, असे त्या म्हणाल्या आणि ते खरे आहे. आमच्या घरात वाटी फेकणे ज्याने वाढवले ते रागावणे हेही प्रबलनच होते. डेव्हिड प्रीमॅक यांनी १९५९ साली मांडलेले तत्त्व, म्हणजे आवडत्या कामाला नावडत्या कामामागे जोडणे, तर ‘आधी पाढे, मग खेळ’ या रूपाने प्रत्येक घरात चालत आले आहे. पण मग चांदण्यांचे तक्ते आणि छोटी खेळणी यांचा साडेचारशे रुपयांचा संच दारापाशीच विकायला का ठेवला होता, याला उत्तर नव्हते. आम्ही तो वापरला नाही आणि त्यावाचून काही अडले नाही. मुलाला हवे होते ते आमचे ऐकणे. चांदणी देऊन त्याला वेगळीच उधारी लावण्यासारखे झाले असते.

‘ऋण प्रबलन’ या शब्दाचा अर्थ शिक्षा असा लावण्याची चूक शिकलेली माणसेही करतात. नकोशी गोष्ट दूर झाल्यामुळे एखादे वर्तन वाढते, तेव्हा ते ऋण प्रबलन. बाईंनी दिलेले उदाहरण मी अनेकांना ऐकवतो. मूल किंचाळते, आई मोबाइल हातात देते, किंकाळी थांबते. मूल शिकते की किंचाळले की मोबाइल मिळतो. पण त्याच क्षणी आईही शिकते की मोबाइल दिला की किंकाळी थांबते, आणि पुढच्या वेळी तिचा हात आधीच मोबाइलकडे जातो. हे ऐकताना सुनेचा चेहरा उतरला होता. मी तिला म्हटले, त्या रात्रीच्या लाडवाचे गणित याहून वेगळे नाही.

एक गंभीर तक्रार पहिल्या शनिवारच्या प्रास्ताविकाविषयी आहे. या शास्त्राची महती सांगताना मानसशास्त्रज्ञ इव्हार लोव्हास यांच्या १९८७ सालच्या प्रयोगाची माहिती पडद्यावर मोठ्या दिमाखात दाखवली गेली : कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस शाखेत १९ स्वमग्न मुलांना आठवड्याला सुमारे ४० तास शिकवले आणि त्यांतील ९ मुले सर्वसाधारण शाळेत सामान्य मुलांसारखी शिकू लागली. आकडे बरोबर आहेत. पण त्या प्रयोगात मोठ्याने दरडावणे आणि प्रसंगी मांडीवर चापट मारणे हाही उपचाराचा भाग होता, तसेच कोणते मूल या उपचाराच्या गटात आणि कोणते तुलनेच्या गटात जाईल हे चिठ्ठ्या टाकून ठरवलेले नव्हते, या दोन गोष्टी सांगितल्या गेल्या नाहीत. जमेची बाजू वाचायची आणि नावेची झाकायची, याला आमच्या खात्यात वेगळे नाव होते. लहानपणी असले उपचार सोसलेली स्वमग्न माणसे आज मोठी होऊन त्याविरुद्ध बोलतात, डोळ्याला डोळा भिडवण्याची सक्ती कशी वाटत असे ते सांगतात. ज्या तीन घरांतील आईवडील समोर बसले होते, त्यांना ही बाजू पहिल्या दिवशीच कळायला हवी होती.

बाईंचा स्वतःचा विचार मात्र त्या पडद्यावरच्या माहितीपेक्षा पुष्कळ पुढे गेलेला आहे, हे सातव्या शनिवारी कळले. एका आईने विचारले, ‘‘मुलगा आनंदात हात फडफडवतो, ते कसं बंद करायचं?’’ बाईंनी उलट विचारले, त्याने त्याला किंवा दुसऱ्याला इजा होते का, शिकण्यात अडथळा येतो का. दोन्हींची उत्तरे नाही अशी आली. ‘‘मग ते बंद का करायचं? लोक बघतात म्हणून? मग काम लोकांवर करायला हवं.’’ त्या आईने रुमाल काढला आणि वर्गात बराच वेळ कुणी बोलले नाही. कोणत्याही केंद्राला पैसे भरण्यापूर्वी हाच प्रश्न विचारून पाहावा, असे मी सुचवीन. ‘महिन्याभरात बंद करून देतो’ असे उत्तर आले तर पायऱ्या उतराव्यात.

दुसरी चौकशी पात्रतेची. भिंतीवर प्रमाणपत्रे बरीच होती, त्यांपैकी उपयोगाची कोणती हे मी चष्मा लावून पाहिले. आपल्याकडे पुनर्वसन आणि चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञ, विशेष शिक्षक यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ही परिषद १९९२ च्या कायद्याने आलेली आहे आणि नोंदणी क्रमांक मागणे हा पालकांचा हक्क आहे. बाईंनी क्रमांक न कुरकुरता दिला. वर्तन विश्लेषणाचे म्हणून जे अमेरिकी प्रमाणपत्र मिरवले जाते, ते देणारे मंडळ १९९८ साली स्थापन झाले आणि १ जानेवारी २०२३ पासून ते भारतातील नव्या अर्जदारांना प्रमाणपत्र देत नाही. तेव्हा कुणी नुकतेच ते मिळवल्याचे सांगत असेल, तर साल विचारावे.

किरकोळ गोष्टी थोडक्यात उरकतो. खुर्च्या प्लास्टिकच्या, पंखा एकच, चहा स्वतःच्या पैशांनी समोरच्या टपरीवर. घरचे तीन मिनिटांचे चित्रण आणून सर्वांनी मिळून पाहण्याची पद्धत फार उपयोगी. माझा स्वतःचा चढलेला आवाज मी तिथेच पहिल्यांदा ऐकला. मात्र एका पालकाने दुसऱ्याच्या मुलाचे रडतानाचे चित्रण व्हॉट्सअ‍ॅपच्या गटावर टाकले आणि ते काढायला दोन दिवस लागले. मुलांची अशी चित्रे गटावर येऊच नयेत, असा नियम पहिल्या दिवशी लेखी घ्यायला हवा होता. बुडालेला शनिवार भरून मिळत नाही. दोन माणसांना प्रवेश असल्याने दर घरटी खर्च वाजवी वाटतो, पण घरात निर्णय घेणारी तिसरी व्यक्ती, आमच्याकडे आजी, वर्गाबाहेर राहते आणि शिकलेले सगळे तिच्यापर्यंत उष्ट्या शब्दांत पोहोचते. शक्य असेल तर जो सर्वांत विरोधात आहे त्यालाच वर्गाला पाठवावे. मी आजीला पाठवून स्वतः घरी थांबलो असतो, तर ती लाडवाची रात्र कदाचित आली नसती. शिवाय बाईंना चांदण्यांच्या तक्त्यावर खरा जाब विचारणारे कुणीतरी भेटले असते.

वाटी आता आठवड्यातून एखादी पडते, तीही बहुधा दुपारी, आजीच्या तोंडून सवयीने ‘दोन घास’ निघून गेल्यावर. फ्रिजवरचा तक्ता अजून आहे, पण नोंदी मी रविवारी एकदाच करतो. तो मराठी तक्ता बाईंनी शेवटच्या शनिवारी मागून घेतला आणि पुढच्या तुकडीला त्याच्याच झेरॉक्स वाटल्या, ‘हजर माणसे’ हा रकाना तसाच ठेवून. त्या तुकडीतील एक ओळखीचे गृहस्थ परवा भेटले. तक्ता सोपा आहे म्हणाले. उसळीचा धडा कितव्या शनिवारी आहे असे मी विचारले, तर फाईल उघडून बघून म्हणाले, सहाव्या.